घारीची नाडी

कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. लोखंडी तुळया जोडण्याच्या शेडमध्ये छतालगत धावणारी क्रेन ती चालवायची. बेचाळीस पायऱ्यांच्या उभ्या शिडीवर तिची केबिन होती आणि तिथून तिला खालचं सगळं दिसायचं: कोण डुलक्या घेतोय, कोण हेल्मेट काढून डोकं खाजवतोय. अकरा वर्षं ती सकाळी चढायची ती सुट्टी झाल्यावरच उतरायची. तिचा डबा दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जायचा आणि खालच्यांना वाटायचं, आपण हिचे किती लाड करतो.

लाड कसले. बसून बसून तिचा श्वास पार आखूड झाला होता. पन्नाशीपुढच्या क्रेनवाल्यांना नियम होता की न थांबता वर जायचं आणि पाच मिनिटांत नाडी शंभराच्या आत यायला हवी. यंदा ती सव्विसाव्या पायरीवरच धापा टाकत थांबली. डॉक्टरांनी सहा आठवड्यांची मुदत दिली. तेव्हाही जमलं नाही, तर स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे वाटायचे. जिने आजवर एक तुळई वाकडी उतरवली नाही, तिने हातमोजे वाटायचे म्हणजे काय? ते व्हायचं नाही, असं तिने शिडीवरून उतरतानाच ठरवलं.

ती थेट कर्मचारी क्लबात गेली. क्लबचे सेक्रेटरी कॅरमचे भक्त. तुमच्या वयाला कॅरम झकास, असं त्यांनी प्रेमाने सुचवलं. बसायला मला येतं, उठायचं कोण शिकवतं ते सांगा, असं म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं. शिकवणारी एकच निघाली: ड्रॉइंग विभागात काम करणारी, क्लबच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान. म्हणजे तिचीच सून.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. इथे सुनेला चांगले सहा आठवडे मिळाले. रोज संध्याकाळी क्लबचा जिना खालीवर, मग मैदानाला फेऱ्या, आणि घरी ताटात काय वाढायचं तेही सून ठरवणार. मुलगा दोघींच्या मध्ये पडला नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

पाय सुधारले. नाडी मात्र चढली की उतरायचं नाव घेईना आणि डोकं ठणकायचं ते वेगळंच. तिसऱ्या आठवड्यात सुनेने विचारलं, "आई, कामावर पाणी किती पिता?"

"पीत नाही. प्यायलं की खाली यावं लागतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्याच दिवशी फोरमन सगळ्यांसमोर म्हणाले होते की बाईला वर चढवलं की तासातासाला खाली उतरवावं लागणार, तोवर काम काय झोपा काढणार? त्या दिवसापासून घारीने कामावर पाणी पिणंच सोडलं.

"ते एक वाक्य बोलले आणि तुम्ही अकरा वर्षं तहानलेल्या राहिलात?" सून म्हणाली. तिला रागही आला होता आणि रडूही. घारीला पहिल्यांदाच आपल्या हट्टाची थोडी लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि सवय सुटणं वेगळं. बाटली वर न्यायची आणि अकरा वाजता, दोन वाजता खाली यायचं, असा सुनेचा हुकूम झाला. घार हो म्हणाली, बाटली रोज नेली, पण तोंडाला लावली ती सुट्टीला तासभर उरल्यावरच.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर स्वतः शिडी चढू लागले. बाराव्या पायरीवर त्यांचे गुडघे बोलले, म्हणून ते खाली आले आणि प्रथमोपचार शिकलेल्या कप्तानाला वर जायला सांगितलं. सासूची नाडी सून मोजणार, म्हणजे सूट मिळायची भीती नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि शेड हसली.

घार बेचाळीस पायऱ्या न थांबता चढली. मागोमाग सून. कपाटाएवढी ती केबिन तिने पहिल्यांदाच पाहिली. तिने सासूचं मनगट धरलं. पाच मिनिटं झाली. नाडी एकशे सहा.

सून खाली बघेना. "सत्त्याण्णव सांगू?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"सकाळपासून पाणी प्यायलात?"

ऐन तपासणीत खाली जायची वेळ आली तर, या भीतीने घारीने घोटभरही घेतलं नव्हतं. जी खोड मोडायची, तीच तिने आजही जपली होती. तिला स्वतःचा असा संताप आला की ती उठलीच.

"एकशे सहा," तिने स्वतःच खाली ओरडून सांगितलं. "डॉक्टर, मुदत आज सुट्टीपर्यंत आहे. मी परत चढणार."

ती उतरली. सगळ्यांच्या देखत नळाशी उभी राहून दोन ग्लास पाणी प्यायली, बाकावर बसली, थोड्या वेळाने आणखी एक प्यायली. हुकाला टांगायची तुळई जमिनीवर तशीच पडून होती. फोरमननी घड्याळ पाहिलं. मग घार उठली आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीस माणसांच्या समोरून, बायकांच्या संडासाकडे चालत गेली. अकरा वर्षांत कामाच्या वेळी ती वाट तिने कधी तुडवली नव्हती. परत आली तीही सावकाश.

तासाभराने ती पुन्हा चढली. पाच मिनिटांनी सुनेने मनगट सोडलं.

"ब्याण्णव," तिने खाली सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर सही केली.

आता काम सुरू करायला हरकत नसावी, असं फोरमन खालून जरा तिरकस म्हणाले.

"नाही, हरकत कसली," घार केबिनमधून म्हणाली. "दोन वाजता मात्र पुन्हा थांबेल. मला खाली यायचंय."

तिने हूक खाली सोडला.