नरसाक्काने घातलेली भुई

ओल्या मुरमाचा वास थोडा गंजल्या लोखंडासारखा असतो, थोडा उन्हात तापून निवलेल्या दगडासारखा. तो वास आला की माझ्या डोळ्यांपुढे फाल्गुनाच्या अखेरीची एक पांढरीफटक सकाळ उभी राहते आणि त्या उजेडात, नुकत्याच ठोकलेल्या तांबड्या थरावरून अनवाणी चालणारी नरसाक्का. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एक हात कमरेवर, मान किंचित वाकलेली. ती टाच टेकवायची, अंगाचा भार हळूच तिच्यावर सोडायची, क्षणभर थांबायची आणि मग दुसरं पाऊल उचलायची. जिथे टाच जराशी आत गेली तिथे नुसतं बोट दाखवायची. तिची माणसं ठोकायची जड धुम्मस घेऊन यायची आणि तेवढी जागा पुन्हा ठोकून काढायची. त्या ठोक्यांचा जड, गंभीर नाद रस्त्यापलीकडच्या शेतांपर्यंत पोचायचा.

ती बिलोलीकडची, पार राज्याच्या सीमेवरच्या गावातली. घरात आणि आपल्या कामगारांशी तेलुगू, मालकांशी मराठी, आणि राग आला की दोन्ही सोडून मौन. नवरा सायलू मिस्त्री नावाजलेला कारागीर होता. त्याच्या हाताखाली तिने वीस वर्षं डोक्यावरून घमेली वाहिली. मग एकदा तो परांचीवरून पडला, त्याची कंबर कायमची गेली, आणि खाटेवरच्या नवऱ्याच्या उशाशी पडलेली थापी हिने उचलली. सुरुवातीला लोक यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि मिस्त्री कुठं आहे म्हणून विचारायचे. ती स्वतःकडे बोट दाखवायची. पुढे पुढे लोकांनी विचारणं सोडून दिलं. नायगावच्या आसपास पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, गाड्यांचं गॅरेज, जिथे जिथे जड यंत्र बसायचं तिथली जमीन नरसाक्कानेच घालावी असं होऊन गेलं. भिंतींचं काम ती घेत नसे. भिंत सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवणारे पुष्कळ असतात. खालच्या भुईकडे कुणी बघत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

माझा धाकटा भाऊ दत्ता नांदेडात दहा वर्षं दुसऱ्यांच्या गॅरेजात राबून गावी परतला होता. रस्त्याला लागून आमचा वडिलोपार्जित तुकडा होता, तिथे त्याला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. गाडी अधांतरी उचलून धरणारी दोन खांबांची लिफ्ट बसवायची, आणि उद्घाटन अक्षय तृतीयेला करायचं, हे त्याने मनात पक्कं केलं होतं. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवतो. माझा त्या कामाशी संबंध एवढाच की शाळा नसेल तेव्हा मी तिथल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसत असे.

जमीन मात्र काळी. आमच्याकडची ही माती पावसात फुगते, जणू दीर्घ श्वास घेऊन सगळं वर उचलते, आणि उन्हाळ्यात तोच श्वास सोडून फाटते, उलते, आत आत ओढली जाते. अक्का पहिल्यांदा आली तेव्हा तिने एका भेगेत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला. हात झटकत ती म्हणाली की तीन फूट काळी माती काढायची, खालचा कठीण थर लागू द्यायचा, मग मुरूम भरून थराथराने पाणी मारून ठोकायचा, आणि त्यावर सळ्यांची जाळी अंथरून काँक्रीट घालायचं. लिफ्टचे खांब जिथे येणार तिथे जाडी दुप्पट. दत्ता हिरमुसला. एवढं खोदत बसलं तर मुहूर्त कसा गाठायचा, असं त्याने दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारून पाहिलं. अक्काने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "दत्ताभाऊ, ह्याच्यावर गाडी ऱ्हानार, आन् गाडीखाली मानूस."

दत्ताने खोदाईला होकार दिला.

पाडवा झाल्यावर चार दिवसांनी काँक्रीटचा दिवस ठरला. सगळी भुई तिने चार चौकांत वाटली होती. तांबडं फुटायच्या आत मिक्सर घरघरू लागला. काँक्रीट पडायचं, फावड्यांनी पसरायचं, आणि अक्का गुडघ्यांवर बसून लांब लाकडी पाट दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढायची, तेव्हा त्या करड्या पृष्ठभागावर पहाटेचा उजेड हळूहळू सपाट होत गेल्यासारखा वाटायचा. एका घाण्याला पाण्याचे किती डबे हे तिने ठरवून दिलं होतं आणि त्या डब्यापाशी ती स्वतः उभी राहत होती. तीन चौक झाले. चौथा, लिफ्टचा, तेवढा उरला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सायलू खाटेवरून उठायला गेला आणि पडला, त्याला बिलोलीच्या दवाखान्यात नेलं, असा निरोप होता. ती क्षणभर हातातल्या पाटाकडे पाहत राहिली. मग तिने माणसांना तेलुगूत काय सांगायचं ते सांगितलं, दत्ताला मराठीत तेच पुन्हा सांगितलं, की पाणी वाढवायचं नाही, जास्त पाण्याने काँक्रीट कच्चं राहतं, घट्ट वाटलं तरी हात जास्त लावायचे, आणि हात न धुताच ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

ऊन चढलं. काँक्रीट फावड्याला चिकटू लागलं, पसरेना. माणसं दमली होती. दत्ताने घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि पाण्याचे दोन डबे जास्त टाकायला सांगितले. माणसं घुटमळली. मालक सांगतो म्हटल्यावर त्यांनी ते टाकले, पुढच्या घाण्याला तीन टाकले, आणि काँक्रीट आमटीसारखं आपोआप पसरत गेलं. तासाभरात काम आटोपलं. मी दहा पावलांवर बसलो होतो. सगळं पाहत होतो. अक्काचे शब्द माझ्याही कानांनी ऐकले होते. पण भावाच्या कामात आपण कशाला बोलायचं, असं स्वतःला सांगून मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यातूनच थेट आली. डोळे तांबारलेले, लुगड्यावर कालच्या सिमेंटचे वाळलेले ठिपके तसेच. पहिले तीन चौक तिने नजरेनेच पाहिले. चौथ्याशी ती थबकली. तिथला रंग फिका होता, वर राखेसारखी साय धरली होती. ती खाली बसली आणि अंगठ्याच्या नखाने तिने एक रेघ ओढली. नखाला पांढरी भुकटी लागली. ती पुटपुटली, "नीळ्ळु." पाणी. तेवढं तेलुगू मलाही समजत होतं.

तिने दत्ताला विचारलं. तुम्ही सांगितलं तसंच केलं, असं तो म्हणाला. तिने आपल्या माणसांकडे पाहिलं, त्यांच्या माना खाली होत्या. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

मग ती उठली आणि म्हणाली की माप चुकलं असेल तर ते तिचंच चुकलं, काम टाकून ती गेली होती, आणि हा चौक ती फोडून पुन्हा घालून देईल. दत्ता गडबडला. वरून एक पातळ थर मारला तर झाकून जाईल, कुणाला कळणार आहे, असं काहीबाही बोलू लागला. तिने छिन्नी आणि घण मागवला, डोक्यावरचा पदर घट्ट आवळला आणि कडेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

काल ज्या हातांनी शेजारचे तीन चौक घातले होते ते हात आता चौथा फोडत होते. प्रत्येक घावाबरोबर तिच्या खांद्यांतून एक थरथर खाली उतरायची, सळ्यांची जाळी उघडी पडत जायची, आणि ती मोकळी झालेली प्रत्येक सळई हाताने घासून साफ करायची. संतापाचा तिथे लवलेश नव्हता. तिची ती निमूट, काळजीपूर्वक मोडतोड माझ्याच्याने बघवेना. दुपारी ती लिंबाखाली भाकरी सोडून बसली तेव्हा मी जवळ गेलो आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

तिने घास चावून संपवला. "मला ठावं हाय, सर," ती म्हणाली. "माजी मानसं माज्या सबदाबाहीर न्हाईत. मालकानंच सांगितलं असंल." पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत ती जरा थांबली. "दत्ताभाऊचं मला समजतंय. त्याला घाई हाय. पन तुमी निस्ते बसून बघत व्हते."

आवाज वर गेला नव्हता. शाळेत इतक्या वर्षांत मी कितीतरी मुलांना सत्यावर निबंध लिहायला लावले असतील.

दत्ता थोड्या अंतरावर पाठमोरा उभा होता. त्याने ऐकलं होतं. तो आला, अक्कासमोर उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "अक्का, पानी मीच टाकाय लावलं."

"हाव," ती म्हणाली. "हात धुवून या. अजून निम्मं फोडायचं हाय."

त्या दुपारी दत्ताने घण मारला आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, फुटलेले तुकडे घमेल्यात भरून कडेला नेले. माझ्या तळहातांना फोड आले. अक्काने ते पाहिले आणि घमेलं बोटांवर न धरता तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर कसं तोलायचं ते दाखवलं. त्या शिकवण्यात टोमणा नव्हता, माफीही नव्हती. घमेलं कसं धरायचं तेवढंच होतं.

चौथा चौक पुन्हा पडला तेव्हा ती डब्यापाशीच उभी होती. नंतरचे एकवीस दिवस तिने भुईवर मातीची आळी करून पाणी तुंबवून ठेवलं आणि एक दिवसाआड बिलोलीहून येऊन ते स्वतः पाहिलं. त्या साचलेल्या पाण्यात दुपारचं आभाळ, लिंबाचा नवा पाला आणि कडेने चालणारी तिची उलटी प्रतिमा हलत असायची. अक्षय तृतीया आली आणि गेली. दत्ताने मुहूर्ताचं नावही काढलं नाही.

गॅरेज ज्येष्ठात उघडलं. अक्का आली नाही. त्याच आठवड्यात सायलू मिस्त्री गेला होता. आम्ही दोघे भाऊ तिच्या गावी भेटून आलो. अंगणात बायका बसल्या होत्या, त्यांच्यात ती होती, हात मांडीवर पालथे ठेवून, आणि त्या हातांना करण्यासारखं काही नाही असं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. तिने दत्ताला लिफ्ट बसली का एवढं विचारलं. बसली म्हटल्यावर मान हलवली.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि मग थांबेना. काळी माती फुगली. रस्त्यावरच्या तीन दुकानांच्या फरशा उचलल्या, एकाचं शटर कायमचं अडकलं. आमच्या भुईवर केसाएवढीही रेघ आली नाही. दत्ताने कौतुकाने फोन लावला, तेव्हा ती सीमेपलीकडे लेकीकडे राहायला गेल्याचं समजलं. पुढच्या दिवाळीला पुन्हा लावला. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे होता.

आताशा तिचा चेहरा आठवायला मला प्रयत्न करावा लागतो. आवाज अजून आहे, पण तोही कधीतरी विरेल. गॅरेजात गाडी वर जाते, दत्ता तिच्या पोटाखाली निर्धास्त उभा राहून काहीतरी गुणगुणत नटांवर पाना फिरवत असतो, आणि ही निश्चिंती कुणाच्या हातून आली हे त्या क्षणी त्याच्या मनातही नसतं. काळ बहुधा माणसांना असाच नेतो. आधी मुद्रा पुसतो, मग स्वर पुसतो, आणि ज्यांच्या भरवशावर आपण उभे असतो ती माणसं आठवणीतूनही उतरून इतकी खाली जातात, की त्यांचं नसणं आपल्याला जाणवतसुद्धा नाही, आपण फक्त पडत नाही.