पांढरं बोंड

जयवंताबाई नातीचा सामना पाहायला नांदगाव खंडेश्वरहून अकोल्याला आल्या होत्या खऱ्या, पण मनात दुसरंच होतं. शाळेत असताना आपण याच मैदानावर बास्केटबॉलची फायनल खेळलो, ही गोष्ट त्यांच्या घरात कोणाच्याच गळी उतरत नव्हती. त्यांची शाळा कधीच बंद पडली. फिरती ढाल फिरत फिरत कुठं गेली कोण जाणे. फोटो तर कोणी काढलाच नव्हता. नात आचल तर बसमध्येही हसली होती, "आजी, फेकलेली किल्ली तरी झेलता येते काय तुले?"

मैदानावर आता सिमेंट होतं. तेव्हा काळी माती होती. ओल्या काळ्या मातीवर चेंडू उसळायचाच नाही. धप्पकन पडायचा अन् रुसल्यासारखा बसून राहायचा. मग नांदगावच्या पोरींनी तो खाली पडूच द्यायचा नाही असं ठरवलं. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरी त्या! त्याच ठेक्यावर, चेंडूला कापसाचं बोंड म्हणत, त्यांनी गाणं जुळवलं, अन् ओळीगणिक चेंडू या हातातून त्या हातात जाऊ लागला.

आचलचा संघ मागे पडला, तशा जयवंताबाई नकळत टाळ्यांचा ठेका धरून गाऊ लागल्या.

"तिकून आलं पांढरं बोंड,
इकडं फिरव सये तोंड…"

"बोंड पडू देऊ नोको, माती लागू देऊ नोको!" मागच्या पायरीवरून कोणीतरी ओळ पुरी केली.

जयवंताबाईंनी वळून पाहिलं. त्यांच्याच वयाची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई डोळे बारीक करून बघत होती.

"नांदगावची काय वं तू? लाल रिबिनवाली? मी पंचफुला, अकोल्याची. तुले अडवाले मलेच उभं केलं होतं. या गाण्यानं डोकं खाल्लं आमचं! आमच्या पोरी चेंडू सोडून गाणंच आयकत राह्यल्या."

जयवंताबाई पुरत्या मागे वळून बसल्या. इतक्या वर्षांनी साक्षीदार भेटला, अन् तोही समोरच्या संघातला!

"म्हणून तं आमी जितलो," त्या म्हणाल्या.

"कोण? तुमी? ढाल आमी नेली माय, वाजतगाजत!"

"वाजतगाजत तं आमी नेली. बसच्या टपावर ठेवून!"

"या वयात खोटं काहून बोलून राह्यली वं?"

इकडे शिट्टी वाजली. आचलचा संघ हरला. ती डोळे पुसत, चेंडू कमरेवर धरून पायऱ्या चढून आली, तर दोघी म्हाताऱ्या हातवारे करत भांडताहेत.

"आयक पोरी," पंचफुलाबाई म्हणाल्या, "तुही आजी म्हणते थ्या जितल्या. मी सोता खेळली तिच्यासंगं. हे पाह्य, तिचं कोपर लागलं होतं." त्यांनी भुवईवरचा जुना वण दाखवला.

आचल वणाकडे बघत राहिली. मग आजीकडे. आजीचं ते हाडकुळं कोपर तिनं जणू पहिल्यांदाच पाहिलं.

"मग आजीच जितली," ती म्हणाली.

"तुले काय माईत? तू होती काय तिथं?"

"आमची आजी खोटं बोलत नाही."

जयवंताबाईंनी पदरात तोंड लपवलं. हसू होतं की रडू, त्यांचं त्यांनाही कळेना.

"घ्या! आणखी एक नांदगाववाली तयार झाली," पंचफुलाबाई फणकारल्या. त्यांनी आचलच्या कमरेवरचा चेंडू हिसकून घेतला. "तिकून आलं पांढरं बोंड," म्हणत सरळ जयवंताबाईंकडे भिरकावला.

जयवंताबाईंनी पदर सोडला अन् चेंडू वरच्यावर झेलला.