चुन्याचं रिंगण

"अगं, उडव की! तवापासनं जाग्यावरच धरलंयस!" कुंपणाबाहेरून कुणीतरी ओरडलं. मी दात आवळले. जाग्यावर धरणं हेच तर काम होतं.

सांगलीतल्या स्पर्धेत चुन्यानं आखलेल्या रिंगणावर रिमोटचं हेलिकॉप्टर स्थिर ठेवायचं होतं, तेही त्याचं नाक आपल्याकडे करून. नाक समोर आलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. कोलांट्या लोकांना आवडतात. मला मात्र वाऱ्यात ते खिळ्याला टांगल्यासारखं उभं राहतं, तो क्षण हवा असतो. बी.एस्सी.ला समतोलाची गणितं कागदावर सहज सुटायची. तोच समतोल बोटांत यायला दोन वर्षं गेली होती.

आणि दसऱ्यापासून ते उभंच राहत नव्हतं. उजवीकडे सरकायचं, सावरलं की डावीकडे जास्तच जायचं. पाती तोलून पाहिली, तोल सांभाळणारा जायरो बदलला, बॅटरी मागेपुढे केली. काही उपयोग नाही. आजच्या दोन फेऱ्या वाया गेल्या होत्या. ही शेवटची.

"अंके, हात थरथरतोय तुजा," आप्पा मागून म्हणाले. माझे वडील फौजेतून निवृत्त झालेत. पहाटे उंब्रजहून तेच मला घेऊन आले होते.

"हात न्हाई आप्पा, मशीन!"

"मशीनला नाव ठिवू नगं."

"बैल बुजल्यावानी करतंय गं तुजं," विट्याचा शंभूराज हसला. त्याची फेरी छान झाली होती.

हेलिकॉप्टर पुन्हा सरकलं, रेषेबाहेर गेलं. पंचांनी झेंडा वर केला. संपलं.

मी रागानंच टोपण काढलं आणि पात्यांना कलवणारी बारीक दांडी तिच्या सांध्यातून उपटली. आत पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं. वास घेतला. हळद.

"आप्पा, हे टोपण कुणी काढलं होतं?"

"म्या. खंडेनवमीला, तू बाजारात गेल्यावर." आप्पांचा आवाज अभिमानाचा होता. "वरनं काय पुजायचं, ती नुसती टोपी. फौजेत आमी तोफ उघडून आतल्या लोखंडाला हळद लावायचो. एक बी सांदा सोडला न्हाई बघ."

टोपणावरचं कुंकू तेवढं मी पुसलं होतं. मोटर सांधा जोरानं ढकलायची, म्हणून घरी तपासताना तो मला मोकळाच वाटला होता. पण बारीक हालचालीला तो अडत होता.

"आवं, वाळून दगड झालाय हळदीचा! टोपणावरच साधा ठिपका लावला असता तर चाललं नसतं का?"

आप्पांनी खाली रुमाल पसरला. मी ब्रशनं एकेक सांधा घासत गेले आणि ते सुटे भाग रुमालावर ओळीनं ठेवत गेले. तिकडे शंभूराजला कप मिळाला, टाळ्या झाल्या, खुर्च्या एकात एक रचल्या गेल्या.

सगळं जोडून पुसट झालेल्या रिंगणावर मी हेलिकॉप्टर पुन्हा हवेत उचललं. नाक माझ्याकडे वळवलं.

ते उभं राहिलं. तसूभर हललं नाही.

"हाय की उभं!" आप्पा म्हणाले. "लय भारी!" मग हळूच, "बोलवू का पंचास्नी?"

"गेले ते."

आता जमून काय उपयोग! रिमोट फेकून द्यावा, असं फार वाटत होतं. पण बोटं जराशी हलली असती तरी ते सरकलं असतं.