आमच्या विरजणातलं विष

आमच्या गल्लीत कुणाचं दही बिघडलं की बाई वाटी घेऊन माझ्याच ओट्यावर येते. माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं विरजण आहे हे. आणंदला बदली होऊन आलेले मोठमोठे साहेबलोकही पहिल्या आठवड्यातच ही वाट शोधून काढतात. म्हणून धाकटी सून धृती पीएचडीसाठी जंतू शोधत बसली तेव्हा मीच तिला म्हटलं, "वहू, बाहेर कशाला हिंडतेस? घरचे जंतू काय वाईट आहेत?"

तिने दह्यातला एक जंतू वेगळा काढला आणि त्याच्या जनुकांची कुंडली करून आणली. अक्षरं चारच, पण ती लाखो वेळा मागेपुढे लिहिलेली. ती वाचायला इंटरनेटवर एक फुकटचा ज्योतिषी बसलाय. कुंडली त्याच्या पदरात टाकायची, की कोणतं जनुक काय काम करतं ते तो लिहून देतो, वर रंगीत चक्रही काढून देतो. दक्षिणा नाही. धृतीने जेवायच्या आधी टाकली आणि भांडी आवरेपर्यंत उत्तर हजर.

"याला कसं कळतं गं, कोण काय करतं ते?"

"तोंडावळ्यावरून, बा. जुन्या जनुकांना लोकांनी नावं देऊन ठेवलीत. नवं ज्याच्यासारखं दिसतं त्याचंच नाव याला चिकटतं. कुणासारखंच नसलं तर लिहितं, काम माहीत नाही."

"निदान माहीत नाही म्हणतं तरी. तुमचे रावळसाहेब कधी म्हणालेत?"

धृती हसली नाही. एका जनुकापुढे लिहिलं होतं, विष बनवणारं.

उषाकांत रावळ म्हणजे तिचे मार्गदर्शक. पीएचडीच्या कागदावर सही त्यांची. त्यांना तर दिवाळीच झाली. "दही चांगलं असतं हे कोण छापतं? विष म्हटलं की मोठं मासिक दार उघडतं," म्हणाले. लेखाला नावही देऊन टाकलं: चरोतरच्या घरगुती दह्यातलं विष. चरोतर म्हणजे आमचा आणंदकडचा मुलूख, आणि खाली आमच्या गावाचं नाव. ते छापून आल्यावर माझ्या ओट्यावर वाटी घेऊन कोण येणार होतं?

"सर, आधी प्रयोग करून बघू," धृती म्हणाली.

"प्रयोगाला वेळ लागतो. यंत्र फुकटात सांगतंय ना?"

मग धृती त्या नावाच्या मागे लागली. यंत्राने ते एका जंतूवरून उचललेलं, त्या जंतूला ते दुसऱ्यावरून लागलेलं, दुसऱ्याला तिसऱ्यावरून. सगळ्यांच्या मुळाशी जनुकांच्या जागतिक वहीतली एक जुनी नोंद. पुरावा काय, तर अंदाज. नोंद करणारे, उषाकांत रावळ.

तिने त्यांना दाखवलं. साहेब म्हणाले, "बघ, जगाने मान्य केलंय. जिथे बघावं तिथे तेच नाव."

आता हे रावळसाहेब दर रविवारी आमच्याकडे जेवायला. बायको मुलाकडे न्यू जर्सीला, आणि यांना चहासुद्धा धड उकळता येत नाही. त्या रविवारी मी बाजरीचे रोटले, वांग्याचा ओळो, म्हणजे भरीत, आणि खिचडी केली. सगळ्यांना कढी वाढली, ताक वाढलं. साहेबांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"बा, माझं ताक राहिलं."

"तुम्हाला कसं देऊ, साहेब? तुम्हीच विष लिहिलंय. उद्या पोलीस मला धरतील."

"अहो, ती शास्त्राची भाषा आहे."

"मग शास्त्राचं पाणी प्या."

"कढी तरी वाढा."

"कढी कशाची करतात, साहेब?"

चरोतरच्या माणसाला उपाशी उठव, तो क्षमा करेल. ताकाशिवाय उठव, तो सात गावं सांगत फिरेल. कोरडी खिचडी साहेबांच्या घशात अडकली, उचकी लागली. समोर माझा मोठा मुलगा मुद्दाम आवाज करून ताक पीत होता.

"बरं, संभाव्य विष असं लिहू," साहेब म्हणाले.

"मग संभाव्य ताक देते. वहू, साहेबांना रिकामा पेला दे."

साहेबांनी रोटल्याचा आणखी एक घास कसाबसा गिळला. "धृती, काम माहीत नाही असं लिही."

"आणि तुमच्या नावावरची ती जुनी नोंद?" मी विचारलं.

"ती कशाला आता, बा? माझी बढती त्याच कामावर झालीय."

"बढती कोण मागतंय परत? ज्याने नाव ठेवलं त्यानेच पुसायचं. फोन आहे ना खिशात?"

डाव्या हाताने, उचक्या देत, साहेबांनी त्या वहीवाल्यांना चूक दुरुस्त करा म्हणून कळवलं. धृतीने गेलं की नाही ते वाकून पाहिलं. मग मी भाजलेलं जिरं घालून पेला भरला. साहेबांनी तो एका दमात संपवला आणि परत पुढे केला.

लेख छापून आला. नाव अगदी मिळमिळीत. साहेबांचं नाव सगळ्यांत पुढे, ते कुठे जाणार? माझ्या ओट्यावर वाट्या येतात.

पण धृती म्हणते, मूळ नोंद सुधारली तरी ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांच्याकडे ती तशीच आहे. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. परवा त्या फुकट ज्योतिष्याने सुरतेकडच्या कुणाच्या तरी खमणाच्या पिठात तेच विष काढलं म्हणे.

त्यांच्याकडे साहेब जेवायला जात नसावेत.