दोन बोटं माया

"घरात ओलांडायला काहीतरी ठेवा," बाबांना व्यायाम शिकवणारी ताई म्हणाली होती. "सपाट चालणं वेगळं, ओलांडणं वेगळं."

मी मान डोलावली आणि ती जाताच नेमकं उलटं केलं. पायपुसणी, पाट, चपला, लेकीची खेळणी, सगळं उचललं. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झालेले, डावा पाय जड. लेक नुकतीच उभी राहायला लागलेली. दोघांपैकी कोण कधी पडेल या धाकात मी फरशीचं मैदान केलं. बाबा त्यावर झोकात चालायचे.

म्हणूनच एका सकाळी म्हणाले, "सूनबाई, दुकानात जातो." त्यांचं शिवणकामाचं दुकान चार घरं सोडून. रस्ता मस्त पार पडला. दुकानाच्या उंबरठ्याला मात्र डावा अंगठा अडकला. मी मागून सदरा धरला म्हणून वाचले.

"शिवण उसवली का बघ," ते म्हणाले. हसले नाहीत. घरी आल्यावर पुटपुटले, "दुकान भाड्यानं देऊन टाका."

मी घाबरून ताईला फोन केला. तिनं एकदाही 'सांगितलं होतं ना' म्हटलं नाही, हे तिचे उपकार. दुसऱ्या दिवसापासून ओलांडायला टॉवेलची गुंडाळी, मग लेकीचे ठोकळे. पण बाबांचा पाय दरवेळी घासायचाच. शिंप्याची नजर! ठोकळा चार बोटं, की पाय चार बोटंच वर.

न राहवून मी म्हटलं, "बाबा, मापाला माप कापताय. शिवणीला जास्तीची माया सोडतात, ती कुठंय?"

ते थबकले. "शिंपी मी की तू?"

"तुम्हीच. म्हणून तर लाज वाटते."

"किती सोडू?"

"दोन बोटं."

पाय वर गेला, आणखी वर गेला, पलीकडे टेकला. लेक टाळ्या वाजवत धपकन बसली.

तीन आठवड्यांनी पुन्हा दुकानाचा उंबरठा. दार मी आधीच उघडून ठेवलेलं. ओलांडताना बोलायचं नाही, असं ताईनं बजावलेलं. मी जीभ दातांखाली धरली. आत येऊन बसलेलं गिऱ्हाईक ओरडलं, "मास्तर, माझी पँट?" बाबांनी उत्तर दिलं नाही. दोन्ही पाय आत आल्यावर म्हणाले, "चार महिन्यांत तुझं पोट किती सुटलंय, आधी ते मोजू."

तुमच्या घरी, शेजारी कुणी झटक्यातून उठून छान चालतंय ना? आज जाऊन त्यांना काहीतरी ओलांडताना बघा. हात पोचेल इतक्या जवळून.