दोष हँडलचा

आमच्या घरात कपडे वाळत घालायच्या दांडीवर सायकलची हँडलं लटकतात. येणारा-जाणारा विचारतो, ही मेंढ्याची शिंगं कशाला जमवलीत? मी सांगते, नवऱ्याला विचारा, माझं डोकं पिकलंय.

नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. आठवडाभर मान खाली घालून मेणात एकेक दात बसवायचा आणि सुट्टीला उजाडायच्या आत सायकल घेऊन पसार व्हायचं. आधी डांबरी रस्त्यावर पळवायचा, मग कुणीतरी डोक्यात खडीच्या वाटांचं खूळ भरलं. थोड्याच दिवसांत डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. "हँडल चुकीचं आहे," त्यानेच निदान केलं. या सायकलवाल्यांची जातच तशी. गुडघा दुखला की दोष सीटचा, हात दुखला की हँडलचा. स्वतःचं शरीर काय ते निर्दोष!

पहिलं हँडल म्हणे खांद्यांपेक्षा रुंद होतं. मी पडदे शिवते, म्हणून मापं घ्यायचं काम माझ्या गळ्यात. खांद्याच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत टेप धरून मी उभी आणि हा श्वास रोखून ताठ. माप बघून अरुंद हँडल आणलं. ते खडीवर डगमगतं म्हणून मग खालच्या बाजूला फाकलेलं आणलं. मग वरून चपटं, तळव्याला टेकू देणारं. मग हँडलच्या पट्टीखाली जेलच्या गाद्या. दर वेळी पहिली फेरी मारून आला की दारातूनच ओरडायचा, "आता जमलं बघ!" आणि काही दिवसांनी पुन्हा हात झटकत बसलेला.

मीही काही कमी बोलले नाही. "आता सायकलला सोफाच जोड," म्हटलं. पण एका सकाळी शर्टाचं बटण लावायला त्याने मला हाक मारली. म्हणाला, नखं वाढलीत. नखं तर कालच कापलेली. मग कारखान्यात एक तयार कवळी हातातून पडून फुटली, तर म्हणे हात ओला होता. मला नुसता संताप आला. याचं लक्ष कामात नाही, सगळं त्या सायकलीत, असंच मला वाटायचं.

शेवटचं हँडल बसवायला आम्ही दोघं माझ्या धाकट्या भावाच्या दुकानात गेलो. तो सायकली दुरुस्त करतो. त्याने सायकल स्टँडला अडकवली, हँडल घट्ट केलं, नवऱ्याला वर बसवलं.

"हं भावोजी, आता दोन्ही ब्रेक दाबा."

उजवा खटकन दाबला गेला. डावा जागचा हलला नाही.

"जोरात दाबा ना."

"दाबतोय रे!"

भावाने स्क्रू फिरवून ब्रेक बोटांच्या आणखी जवळ आणला. "आता बघा."

"दाबलाय, दाबलाय!" नवरा ओरडला. कपाळावर घाम आला होता आणि ब्रेक होता तिथेच होता.

भावाने नवऱ्याला खाली उतरवलं आणि त्याचे दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळचं मांस भरलेलं होतं. डाव्याच्या तिथे खड्डा पडला होता, बोट टेकवता येईल एवढा.

"ताई, हे कधीपासून?"

मला काय माहीत! रोज ज्या हातात चहाचा कप देते, तो हात मी नीट पाहिलाच नव्हता.

"थोडं वर उचलून बघ ना हँडल," नवरा म्हणाला.

"भावोजी, यात हँडलचा काही संबंध नाही हो. आधी डॉक्टरांना दाखवा."

"मला माहीत आहे," नवरा म्हणाला. इतक्या हळू की भावाने हातातला पाना खाली ठेवला. "बाबांचंही हातापासूनच सुरू झालं होतं."

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. लांबलेल्या आजारपणात गेले, एवढंच मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं.

"आधी त्यांच्या हातातून पेन सुटायचं," तो म्हणाला. "आई म्हणायची, पेनच निसरडं आहे, दुसरं आणा. आम्ही घरभर पेनं आणून ठेवली. मग चमचा सुटायला लागला. मग चालणं गेलं. शेवटी पाणीसुद्धा गिळता येईना."

"अरे, मग डॉक्टरकडे का नाही गेलास?"

"गेलो तर ते सांगतील ना."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक उभं होतं, तरी बोलले. बोलता बोलता रडूच फुटलं. तो डावा हात मी दोन्ही हातांत घट्ट धरला, त्याने परत दाबला की नाही ते मला कळलंच नाही.

भाऊ बिचारा गडबडला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "दोन्ही ब्रेक उजव्या हातावर घेता येतात, भावोजी. एकाच दांडीवर दोन्ही तारा."

"आणि उजवा गेल्यावर?"

मी डोळे पुसले. "तेव्हाचं तेव्हा बघू. उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जातोय."

"उद्या नको. उद्या एकदा खडीच्या वाटेवर जाऊन येऊ दे," तो म्हणाला. "आज मी फक्त हाताला मुंग्या येणारा माणूस आहे गं. डॉक्टर बोलले की तेवढाच नाही राहणार."

आमच्या घरात भांडणात मी हरत नाही, हे भावालाही ठाऊक आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"एकदाच," मी म्हटलं. "परवा मी नेईन तिथे मुकाट्याने यायचं."

नवऱ्याने मान हलवली. मग मी भावाकडे वळले. "घे रे दोन्ही ब्रेक उजवीकडे. आणि नीट आवळ."