जिना न चढणाऱ्या बायका

बारकीने संशोधक व्हायचं ठरवलं तेव्हा घरात कुणीच हरकत घेतली नाही, कारण ते काय असतं हे कुणाला नीट कळलंच नव्हतं. आईची समजूत अशी, की पोरगी हॉस्पिटलात जाते म्हणजे डॉक्टर होणार. जरा हळू होतेय, एवढंच. प्रत्यक्षात बारकी गेली तीन वर्षं हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत गुडघेदुखीवर पीएचडी करत होती, आणि या तीन वर्षांत तिने एकाही माणसाचा गुडघा बरा केला नव्हता.

"अगं, पण औषध देणार कधी तू?" मावशी विचारायची. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. राहायला शेजारच्या गल्लीत, पण मुक्काम इथेच.

"गोळीने दुखणं कमी झालं की नाही, हे कळायला आधी ते मोजता यायला हवं ना, मावशी? त्याचा फॉर्म तयार करतेय."

"तीन वर्षं? फॉर्म?" मावशीने आईकडे वळून हळहळत मान हलवली. "एवढ्यात पोस्टात चिकटली असती तर तीनशे फॉर्म भरून झाले असते."

फॉर्म एकदाचा तयार झाला. पन्नाशीपुढच्या अठ्ठावीस बायकांनी तो भरला, आकडेही छान जुळले. बारकीच्या मार्गदर्शक मॅडम फारशा हसत नसत, पण त्या दिवशी त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, "छापायला देण्याआधी ओळखीतल्या कुणाकडून तरी भरून घे. त्यांचे आकडे आपण धरायचे नाहीत. फक्त तोंडावर चुका सांगणारी माणसं आण."

अशी माणसं बारकीच्या घरात दोन होती.

दोघी बहिणी ठरलेल्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून हॉस्पिटलात आल्या. वजनकाट्यावर चढताना मावशीने पर्स बाजूला ठेवली, चष्मा काढला, शेवटी अंगठीही काढली. उंची मोजल्यावर आई चिडली. "दोन सेंटिमीटर कमी दाखवतेय तुझी पट्टी. हिच्यावर चालतं होय तुमचं शास्त्र?"

मग दोघी फॉर्म भरायला बसल्या. पहिलाच प्रश्न होता: जिना चढताना गुडघा किती दुखतो? शून्य ते दहा. आईने विचार न करता शून्याला गोल केला.

बारकीने वाकून पाहिलं. "आई, खरं लिहायचं असतं गं."

"खरंच लिहिलंय."

"रोज उठता-बसता 'आई गं' म्हणतेस की तू!"

"ती मी माझ्या आईची आठवण काढते," आई म्हणाली. "आणि प्रश्न जिन्याचा आहे. मी जिना चढतच नाही, तर दुखेल कुठून?"

"चढत नाहीस? कधीपासून?"

आई पेनाचं टोपण लावण्यात गुंतली. उत्तर मावशीने दिलं. "वर्ष झालं. वरच्या खोलीतून अंथरूण खाली हलवलं ते कशासाठी, वाटलं तुला?"

"वर उकडतं म्हणाली होतीस ना तू, आई?"

"उकडतंच," आई म्हणाली.

"डिसेंबरात?" मावशी म्हणाली. "आणि ही गुडघ्यांची पंडित! अगं, दुसऱ्यांच्या गुडघ्यांचे फोटो भिंतीवर लावतेस, घरातले दोन तेवढे सुटले तुझ्या नजरेतून."

बारकीला हसू येईना. तिने आईचा हात दाबला आणि जुन्या फॉर्मांचा गठ्ठा पुढे ओढला. त्या अठ्ठावीस फॉर्मांवरही बरीच शून्यं होती, आणि शून्य म्हणजे दुखत नाही असं धरून ती खूश होती.

पुढचे दोन दिवस ती फोनला चिकटून बसली. शून्य लिहिणाऱ्या चौदा बायकांपैकी नऊ जणी जिना टाळत होत्या. एकीने नोकरी बदलली होती, एकीने मैत्रिणीकडे जाणं सोडलं होतं. "तुम्ही ते विचारलंच नाहीत," जी ती अगदी सहज सांगत होती.

मॅडमनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "म्हणजे फॉर्म भरून घेण्यात घातलेले तीन महिने पाण्यात."

"हो, मॅडम."

"गोळी दिल्यानंतर कळलं असतं, तर?" त्यांनी स्वतःच विचारलं आणि कोरा कागद पुढे ओढला. "काय काय करणं सोडलंत, हा प्रश्न सर्वांत वर घे. आणि तुझ्या आईला विचार, आणखी काय राहिलंय."

आईला विचारायचीच खोटी होती. तिने आणि मावशीने मिळून सतरा प्रश्न सुचवले. त्यातले पाच कामाचे निघाले, बाकीचे एकमेकींबद्दल होते.

नव्या फॉर्मची पहिली प्रत बारकीने घरीच वाचून दाखवली. जिना सोडलाय का? हो. खाली मांडी घालून बसणं? सोडलं. बाजारात पायी जाणं? आईने गुडघ्यावरून हात फिरवला. "तेही."

"आणि आज चढलीस, तर किती दुखेल?"

"सात," आई म्हणाली. मग लगेच, "आठ लिही."

बारकीने मान खाली घालून आठ लिहिलं आणि पुढच्या इमारतीतल्या हाडांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. आई कुरकुरली, पण मावशीसमोर नाही कशी म्हणणार? सोमवारी तिघी गेल्या. डॉक्टरांनी व्यायाम दिला, वजन थोडं कमी करा म्हणाले, आणि तपासता तपासता सहज बोलून गेले, "तुमच्या मुलीचं काम फार महत्त्वाचं आहे हं."

बाहेर आल्यावर आईने मावशीला कोपर मारलं. "ऐकलंस?"

"ऐकलं," मावशी म्हणाली. "पण वजनाचं तू ऐकलंस का?"